यवतच्या हॉटेलातलं कोपऱ्यातलं टेबल

आयुषला नाही म्हणायचं, हे दीक्षा वरवंडहून निघतानाच ठरवून आली होती. कसं म्हणायचं, एवढंच काही केल्या ठरत नव्हतं. तो कुरकुंभच्या कंपनीत तिच्याच लॅबमध्ये होता. लग्नाचं विचारताना त्याचे कान लाल झाले होते, आणि तेव्हाच ती मनातून विरघळली होती. पण आई गेल्यापासून पप्पा, म्हणजे बबनराव, एकटे पडले होते. जेवण गोड लागत नाही म्हणायचे, अर्ध्या भाकरीवर उठायचे. त्यांना सोडून ती कुठं जाणार?

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तिनं यवतचं हायवेवरचं हॉटेल निवडलं होतं. फॅमिली सेक्शनचा पडदा आयुषनं बाजूला केला... आणि दीक्षा जागच्या जागी थिजली.

कोपऱ्यातल्या टेबलावर पप्पा बसले होते. पुढ्यात मटणाचं ताट, रश्श्यात चुरलेली बाजरीची भाकरी, आणि समोर — सिंधूबाई! दीक्षाचे ड्रेस शिवणाऱ्या, नवरा वारल्यावर शिलाई मशीनवर घर चालवणाऱ्या सिंधूबाई. त्या काहीतरी बोलल्या आणि पप्पा खळखळून हसले. असं हसणं आईबरोबरच संपलं, असं दीक्षा धरून चालली होती.

तिला आधी राग आला, मग रडू. तेवढ्यात पप्पांनी मान वर केली. हातातला घास हातातच राहिला. "पप्पा?" दीक्षाच्या तोंडून निघालं.

"जय भीम, काका," आयुष कसाबसा म्हणाला.

"जय भीम," पप्पा म्हणाले. दीक्षा खुर्ची ओढून त्यांच्याच टेबलाशी बसली. आयुष तिच्या शेजारी टेकला.

पप्पाच आधी बोलले, ताटाकडं बघत. "तुझं लगीन झाल्यावरच सांगणार व्हतो, पोरी. पर तू येईल त्या स्थळाला न्हाई म्हणत बसलीस... आन् आमी दोघं थांबलो."

"पप्पा, मी तुमच्यासाठी थांबले होते."

सिंधूबाईंनी पदरानं डोळे टिपले. तुझ्या आईचा विषय निघाल्याशिवाय आमचा एक दिवस जात नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मग हळूच त्यांनी विचारलं, हा मुलगा कोण? दीक्षा म्हणाली, कंपनीतला.

"नुसता कंपनीतला?"

दीक्षानं मान खाली घातली. आयुष तिच्याकडं किंचित झुकला.

"तुला आज काहीतरी सांगायचं होतं ना?"

"हो... नाही म्हणायला आले होते."

त्याचा चेहरा पार उतरला.

"पण ज्याच्यासाठी नाही म्हणणार होते —" तिनं पप्पांकडं पाहिलं, "— ते कारण समोर बसून मटण खातंय."

पप्पांना जोराचा ठसका लागला. सिंधूबाई पाण्याचा ग्लास घेऊन उठल्या. त्या गडबडीत टेबलाखाली दीक्षानं आयुषचा हात धरला. त्याचे कान पुन्हा लाल झाले.