लिंबाची खुर्ची

मोबाइल ठेव बाजूले, पूनम. बोटाएवढ्या भुताले काय भ्यायचं? माझ्या दिराचं ऐक.

आपले उकंडराव खामगावात एका टॉकीजात मशीन चालवत. भुताचा पिक्चर लागला की खेड्यापाड्यातले लोक तोच तो दहा-दहा वेळा पाहत. भूत कवा येणार हे सगळ्यांले पाठ. आधीच ओरडत, अन् तरी भेत. तवा शेवटच्या रांगेतली कोपऱ्याची खुर्ची भुतासाठी रिकामी ठेवत, खुर्चीच्या हातावर एक लिंबू. तिथं कोणी बसत नसे. फक्त त्यांची बायको अन्नपूर्णा, माझी जाऊ, लिंबू उचलून खुशाल बसे. म्हणे, "भूत आलंच तर सरकून घेईन थोडं!" अन् ते लिंबू घरी नेऊन वरणात पिळे.

दिवाळीत ती गेली. उकंडराव रडले नाहीत. मले म्हणत, "वहिनी, काहीच वाटून नाही राह्यलं. ना भूक, ना दुःख."

पौषातली अमावस्या, रविवार. शहरातल्या पोरांनी ती बंद पडलेली टॉकीज एका खेळापुरती उघडली. त्याहिले तोच जुना पिक्चर पाहायचा होता. मशीनवर उकंडरावांलेच बोलावलं.

"काऊन जाता या थंडीत?" मी म्हटलं.

"भेव तरी लागते का, पाहतो."

मी वरणाचा डबा त्यांच्या सैपाकघरात ठेवला. त्यांनी लिंबू खिशात घातलं, घराले कुलूप लावलं, गेले.

खेळाआधी त्यांनी ते लिंबू त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीच्या हातावर ठेवलं. साडेनऊले खेळ सुटला. पोरं शिट्ट्या मारत गेली. उकंडराव बॅटरी घेऊन खाली उतरले. त्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते. सगळ्या वर होत्या.

कोपऱ्यातली... खाली.

कोणी बसल्यासारखी.

लिंबू नव्हतं.

ते उभे राहिले. बॅटरी खुर्चीवर धरली. मग ती बैठक... हळूच... वर गेली.

"मंग, आजी?"

मंग काय. घरी आले. कुलूप जसंच्या तसं. आत डब्यावर लिंबाच्या दोन फोडी. पिळलेल्या. वरण आंबट.

मी लिंबू घातलं नव्हतं, माय.

सकाळी मी गेली तर ते डब्याजवळच बसलेले. म्हणे, "भेव नाही लागलं, वहिनी."

"मंग हात काऊन कापून राह्यले?"

त्यांनी हाताकडे पाह्यलं. दुसऱ्या कोणाचे असल्यासारखं.

फोडी मी फडताळात ठेवल्या. होळी गेली. उन्हाळा गेला.

अजून ओल्या आहेत.