तीन नंबरच्या खोलीतला करंट

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. पण त्या दाराबाहेर मी स्वतः उभा होतो आणि आत माझी सख्खी बहीण होती. हे ऐकीव नाही.

रात्रही नव्हती. टळटळीत दुपार होती.

ताई वायरिंगची कामं घेते. चटकन भडकते म्हणून घरात तिला सगळे 'फ्यूज' म्हणतात. तिचा कामावरचा जोडीदार तापानं पडला होता आणि मला औषधाच्या दुकानातून सुट्टी होती, म्हणून तिनं मला ओढून नेलं.

"तू फक्त मीटर बघायचा आणि आकडा ओरडायचा. तेवढं जमेल ना?"

"जमेल की."

काम होतं शहराबाहेरच्या एका बंद कोल्ड स्टोरेजमध्ये. मालक काकांनी ते नुकतंच विकत घेतलं होतं.

"मशिनं काढली, दिवे काढले," काका म्हणाले. "तरी मीटर फिरतोय बघा. वीज खातंय कोण?"

काका अंगणात थांबले. आम्ही आत गेलो.

लांबलचक बोळ. दोन्ही बाजूंना जाडजूड दारं. ताईनं एकेक लाईन बंद करून पाहिली. चोरी सापडली ती तीन नंबरच्या खोलीत. तिचं पॅनल दाराशेजारीच भिंतीवर होतं.

ताईनं चिमट्यासारखा मीटर वायरीला अडकवला. व्होल्टेजसाठी दुसरा मीटर लावला.

"व्होल्टेज दोनशे तीस. करंट पॉइंट चार अँपिअर. सांग बरं, रेझिस्टन्स किती?"

"मला काय विचारतेस?"

"अरे, व्होल्टेजला करंटनं भाग. पाचशे पंचाहत्तर ओहम. आणि पॉवर हवी तर गुणाकार कर... ब्याण्णव वॉट." ती हसली. "एवढी ऊब तर नुसता बसलेला माणूससुद्धा देतो."

मला ते हसू आवडलं नाही.

वायर आत कुठं जाते ते बघायला ती टॉर्च घेऊन खोलीत शिरली. दार सताड उघडं होतं. आत चिटपाखरू नव्हतं. चार पत्र्याच्या भिंती, बस्स.

"काहीच जोडलेलं नाही रे!" आतून तिचा आवाज आला. "वायर मोकळीच लोंबतेय. आकडा बघ."

मी मीटर बघितला.

पॉइंट चार नव्हता...

पॉइंट आठ होता.

"ताई, दुप्पट झालाय."

"व्होल्टेज?"

"तेवढंच. दोनशे तीस."

"म्हणजे रेझिस्टन्स निम्मा झाला. असं कधी होतं माहितेय? पहिल्यासारखाच वीज खाणारा दुसरा लोड शेजारी जोडला तर. पण इथं दुसरं आहेच काय... माझ्याशिवाय?"

आणि दार मिटलं.

आपटलं नाही. हळूच मिटलं. कोणी झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून आपण लावतो ना... तसं.

मी मुठीला लटकलो. मूठ हलेना. आतून उघडायचा खटका असतो, पण तोही अडकला होता. ताई दारावर थापा मारत होती. छातीच्या उंचीवर. धप. धप.

आणि खाली, अगदी जमिनीलगत...

टक. टक. टक.

"तू खालून का ठोकतोयस?" ताईनं विचारलं.

माझे दोन्ही हात मुठीवर होते.

"मी नाही ठोकत, ताई."

आतल्या थापा थांबल्या. खालची टकटक थांबली नाही.

तिला शॉक बसेल या भीतीनं मी पॅनलकडे धावलो आणि तिथला खटका पाडून लाईन बंद केली. व्होल्टेज शून्य झालं.

करंट...

पॉइंट आठच.

मला शाळेतलं फारसं आठवत नाही. पण ढकलणारं व्होल्टेज नसेल तर करंट वाहत नाही, एवढं मलाही कळतं. भागाकार कसाही मांडा, तो आकडा बसत नव्हता.

"गार पडलं रे एकदम..." ताईचा आवाज बारीक झाला होता. तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "टॉर्च गेला. इथं... कोणीतरी माझा हात चाचपतंय."

"ताई!"

"लाईन लाव! तू बंद केलीस ना? त्याला गारठा सोसत नाहीये. लाव म्हणते ना!"

मी खटका वर केला.

मूठ माझ्या हातात लोण्यासारखी फिरली. ताई बाहेर येऊन माझ्यावरच कोसळली. तिचा डावा हात बर्फासारखा गार होता, उजवा नेहमीसारखा.

जरा दम खाल्ल्यावर तिनं सवयीनं विचारलं, "करंट किती?"

मी बघितलं. "शून्य."

"नीट बघ. मी बाहेर आले तर निम्मा कमी होईल. पॉइंट चार उरायला हवा."

"ताई, शून्य आहे."

मग आम्ही दोघांनी एकदमच मागं बघितलं. दार सताड उघडं होतं आणि खोलीत कोणी नव्हतं.

आम्ही हत्यारं तिथंच टाकून निघालो.

काकांचा पुढं खुशीत फोन आला. "मीटर थांबला की हो! काय निघालं?"

"लूज कनेक्शन," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

तिची कामं चालू आहेत. पण हल्ली घरात शिरल्यावर ती दार लगेच लावत नाही. जरा बाजूला सरकते... थांबते... मगच कडी घालते.

भावोजींनी एकदा थट्टेनं विचारलं, "अगं, मागं कोण राहिलंय?"

ताई हसली नाही.

"दारात कोणी सापडायला नको," एवढंच म्हणाली.

मी तिच्याकडे अजूनही जेवायला जातो. मुक्काम मात्र करत नाही.