मिनो पाणबुडीतला शेवटचा माणूस

"दोर सोडा!" टगबोटीचा कप्तान ग्रिसवोल्ड गरजला.

"थांबा!" धक्क्यावरून हेस्टर त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. "पाणबुडीत कुणीतरी आहे!"

१९२२ सालचा ऑगस्ट. शाळेला सुट्टी होती. हेस्टर, तिचा धाकटा भाऊ लायमन आणि शेजारचा सायरस सकाळपासून धक्क्यावर खेकडे पकडत होते. समोर, धक्क्यापासून थोड्या अंतरावर, नौदलाची जुनी 'मिनो' पाणबुडी दोरानं बांधलेली, एकटीच उभी होती. आज टगबोट तिला ओढत खोल समुद्रात नेणार होती; तिथं तोफांच्या सरावासाठी तिला निशाण करून बुडवायचं होतं. तिची सारी पाठ पक्ष्यांनी घाण केली होती. पण वरच्या झाकणाची पितळी मूठ लखलखत होती! शिवाय पलीकडच्या अंगाला एक छोटी होडी बांधलेली होती.

"मी स्वतः आत बघितलंय," कप्तान म्हणाला. "चिटपाखरूही नाही."

"मग ती होडी काय भुताची?" सायरसनं विचारलं.

"फार शहाणपणा नको! व्हा बाजूला!"

हेस्टर लायमनच्या कानाशी कुजबुजली. दुसऱ्याच क्षणी लायमननं दोराच्या खुंट्याला घट्ट मिठी मारली. "सोडा बघू आता दोर!"

खलाशी त्याला ओढून काढेपर्यंत हेस्टर आणि सायरस आपली होडी वल्हवत पाणबुडीशी पोचलेसुद्धा! हेस्टरनं वल्ह्यानं पत्र्यावर तीन ठोके मारले. काहीच नाही. पुन्हा तीन.

आतून तीन ठोके आले!

कप्तानाचा चेहरा पांढराफटक पडला.

झाकण उघडून एक म्हातारा वर आला, हातात तेलकट फडकं. गावाच्या टोकाला एकटेच राहणारे टटल आजोबा!

"आजोबा, टगबोटीचा भोंगा ऐकला नाहीत?" हेस्टर ओरडली.

"इंजिनानं कान कधीच खाल्ले, पोरी. हात पत्र्यावर होता म्हणून ठोके कळले. म्हटलं, शेवटचं पुसून घ्यावं तिला."

त्यांना धक्क्यावर आणल्यावर मुलं त्यांच्याभोवती बसली.

"बारा वर्षं हिच्या इंजिनावर होतो," ते म्हणाले. "पेट्रोलच्या वाफेनं घेरी यायची. म्हणून पांढरे उंदीर पाळायचो. ते लुळे पडले की चला वर! किती पोरं हिच्यात बुडी मारायला शिकली आणि मोठ्या पाणबुड्यांवर निघून गेली. युद्धात दोन हिवाळे बंदराच्या तोंडाशी राखण केली. शत्रू कधी दिसलाच नाही. पदक-बिदक कुणाला नाही."

"बाकीचे खलाशी कुठे आहेत?" लायमननं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"आठ जण होतो. आता मीच."

गडबड ऐकून आलेल्या बंदराच्या अधिकाऱ्यांनी मुलांसमोर टोपी काढली. "तुम्ही नसतात तर आज या म्हाताऱ्याचा जीव गेला असता. शाब्बास!"

"मी आत बघितलंच नव्हतं," कप्तानानं खालमानेनं कबूल केलं. मग तो स्वतः पाणबुडीत उतरला आणि कोपरान्‌कोपरा बघून आला.

दुपारी दोर ताणला गेला. 'मिनो' संथपणे निघाली. मुलगे जेवायला पळाले, हेस्टर थांबली. ती आजोबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

टटल आजोबा ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. दीपगृहापलीकडे पाणबुडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांचा हात कपाळावरच होता. त्या सलामाला उत्तर द्यायला तिच्यावर कुणीच नव्हतं.