येतो हं, आजी

प्रथमेश, तो फोन ठेव बघू खाली. यामिनी, तूही. लाइट गेलेत, बाहेर स्नो पडतोय आणि तुमचं आपलं टुकटुक चालूच! ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर मी झोपतो. ...हां.

आमच्या शॉमबर्गच्या ऑफिसातला चारुदत्त. इथेच नेपरव्हिलला दोन गल्ल्या सोडून राहायचा. चौदा ऑक्टोबर दोन हजार सहा, शनिवार. बायको-मुलीला घेऊन इटलीत हिंडत होता. डोंगरावरचं जुनं गाव, गाड्यांना बंदी, सगळं पायी. संध्याकाळी खाली बस स्टॉपवर आले आणि सुवर्णा म्हणाली, "अरे, इशिताचं जॅकेट वर चर्चपाशीच राहिलं." पोरीला ताप चढलेला. शेवटची बस सातला. चारुदत्त जाम वैतागला, पण गेला.

जॅकेट मिळालं. उतरताना एका दारात म्हातारी बसली होती. हा धापा टाकतोय बघून तिने निळ्या काठाच्या मगातून पाणी दिलं. हा प्यायला आणि सवयीने मराठीतच म्हणाला, "येतो हं, आजी." जातो कसं म्हणणार? आईने थोबाड फोडलं असतं.

म्हातारी नुसती हसली.

हा निघाला. वळला, पायऱ्या उतरला... समोर तेच दार. तीच म्हातारी. "च्यायला!" म्हणून दुसरी गल्ली धरली. आता फक्त उतारच उतरायचा. उतरला, उतरला... पुन्हा तेच दार! खालून बसचा हॉर्न ऐकू येतोय. अगदी रडकुंडीला आला बिचारा. पोर तिकडे तापाने फणफणलेली आणि या इंजिनीअरला एक टेकडी उतरता येईना!

काय? "कॉल का नाही केला?" अरे, फोन सुवर्णाच्या पर्समध्ये! मध्ये बोलू नकोस रे बाबा.

तिसऱ्यांदा आला तेव्हा अंधार पडला होता. म्हातारीशेजारी आता दुसरं स्टूल होतं. रिकामं. तिने त्यावर हाताने थोपटलं. म्हणाली...

"येतो?"

...

तेव्हा याला कळलं. आपण येतो म्हणालो होतो. म्हणून येतोय.

जॅकेट छातीशी. कसंबसं म्हणाला, "आजी... जातो."





मग ती म्हणाली, "येते."

येतो नव्हे रे. येते. हा शब्द तिने याच्या तोंडून ऐकलाच नव्हता.

हा धावत सुटला. एकच वळण, आणि समोर बस.

पुढच्याच जानेवारीत एकदा भल्या पहाटे त्याचा मला फोन आला. "काका, लगेच या." गेलो. रात्रभर स्नो पडलेला. ड्राइव्हवेवर माझ्याशिवाय एकाही पावलाचा ठसा नाही. आणि दारापाशी, पायरीवर, निळ्या काठाचा मग.

मी स्वतः उचलला. बाहेर उणे पंधरा... आतलं पाणी गोठलं नव्हतं.