गळ्यातली पुतळी

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या सालची गोष्ट. कामठ्याहून बैलगाडीनं मी बायकोला, रामकलीला, गोंदियाला डॉक्टरकडे आणलं होतं. कित्येक महिने तिच्या पोटात कळ यायची, अन्न पचत नव्हतं. आतड्यात गाठ निघाली तर पोट कापावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि कापल्यावर ती वाचेलच असं काही सांगत नव्हते. मला तर तो शब्द ऐकूनच घाम फुटायचा.

सकाळी तिला खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पाजलं. ते आतड्यात उतरलं की एक्स-रेच्या मशीनवर पाहायचं होतं. दुपारी डॉक्टर म्हणाले, "अंगावरचं धातूचं सगळं काढा. पडद्यावर सावली पडते."

बांगड्या, मंगळसूत्र तिनं मुकाट काढलं. काळ्या दोऱ्यातल्या चांदीच्या पुतळीशी मात्र तिचा हात थबकला. ती पुतळी म्हणजे माझ्या मेलेल्या पहिल्या बायकोची, जमुनेची, छोटी मूर्ती. आमच्यात दुसरीच्या गळ्यात पहिलीची पुतळी घालतात. पहिलीचा मान राहिला की ती त्रास देत नाही. लग्नापासून रामकलीनं ती कधीच उतरवली नव्हती.

"काढू का जी?"

"काढ. घडीभराचं तं काम आहे," मी म्हणालो. पुतळी माझ्या मुठीत आली.

खिडक्यांना काळं कापड लावून भरदुपारी खोलीत मिट्ट काळोख केला होता. बाहेर इंजिनाची धडधड, आत करपट वास. रामकलीला पडद्यामागं उभं केलं; हिरवट पडदा उजळला आणि त्यावर रामकलीच्या बरगड्या दिसल्या. जिवंत माणसाची हाडं अशी पाहू नयेत.

पाजलेलं पांढरं औषध पडद्यावर काळं दिसत होतं आणि आतड्यातून सावकाश पुढं सरकत होतं.

"गाठ दिसत नाही. कापायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पडद्याच्या कडेनं एक हात आत आला. नुसती हाडं. त्यानं आतडं मुठीत धरलं आणि औषध जागच्या जागी थांबलं.

"बाई, पोटावरून हात काढा."

"माहे हात तं डोक्यावर आहेत जी..."

डॉक्टर हळूच म्हणाले, "चुन्नीलाल... तुम्ही कुठं आहात?"

"इथंच... तुमच्या मागं," मी म्हणालो.

त्या हाताला करंगळीचं टोक नव्हतं. जमुनेच्या करंगळीचं टोक धान कापताना विळ्यानं गेलं होतं.

मूठ आवळत चालली. रामकली कण्हू लागली. मी चाचपडत पडद्यामागं गेलो. "जमुने... सोड वं तिले..." एक गार गळा हाताला लागला. रामकलीचाच समजून मी त्याला पुतळीचा दोरा बांधला.

"सुटलं!" डॉक्टर ओरडले. "औषध सरकलं!"

दिवा लागला. रामकली पलीकडच्या भिंतीला टेकून उभी होती. घामानं चिंब, पण उभी. मला रडूच आलं.

"पुतळी द्या ना जी," ती म्हणाली. "काऊन धरून राहिले?"

तिचा गळा मोकळा होता. मी मूठ उघडली. तीही रिकामी.

"मी तं बांधली..."

"कोणाले?"