सेहरीनंतरची झोप

"पट्टा तुटलाय, जुनैदभाई. आणि हे स्मार्ट घड्याळ खोटं तर बोलत नाही ना?"

पाचोऱ्याच्या स्टेशन रोडवरच्या त्या छोट्या घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानात खुशनुमा पहिल्यांदाच आली होती. नाव तिने पाटीवरच वाचलं होतं. जुनैदने मान वर केली... आणि हातातला बारीक स्क्रू कुठेतरी घरंगळला.

"भाई नका म्हणू," तो पटकन म्हणाला. "काय म्हणतं घड्याळ?"

"झोप खराब. शंभरात एकेचाळीस! दहा दिवस हेच. आता तर मध्येच उठून गुण बघते." तिचा आवाज बारीक झाला. "सोमवारी यावलच्या बालवाडीत रुजू व्हायचंय. अशा झोपेवर तीस लेकरं कशी सांभाळू? जमणार नाही, असं कळवते आता."

"रमजान लागून किती दिवस झाले?"

"दहाच..." ती थबकली.

"पहाटेची सेहरी खाऊन पुन्हा झोपता?"

"फजरच्या नमाजनंतर आठपर्यंत. गाढ!"

त्याने तिच्या फोनवर घड्याळाच्या नोंदी उघडल्या. सेहरीनंतरचे दोन तास कुठेच नव्हते.

"मनगट हललं, नाडी वाढली, एवढंच त्या बिचाऱ्याला कळतं. बाकी अंदाज. तुमचे रोजे आहेत, हे त्याला कोणी सांगितलं?"

खुशनुमाला हसू फुटलं.

"चार दिवस हे इथेच राहू द्या. सकाळी उठल्यावर कसं वाटतं, ते कागदावर लिहा."

"पट्टा लावायला चार दिवस?"

"शोभेलसा शोधावा लागतो."

शनिवारी तिने कागद पुढे केला. 'ताजं. ताजं. डोकं जड, इफ्तारला भजी जास्त झाली. ताजं.'

जुनैद खूप हसला. 'इतक्या लांब नका जाऊ, तब्येत जपा,' एवढं म्हटलं असतं, तर ती पाचोऱ्यातच राहिली असती. शब्द ओठांवर आलेही होते...

"जा तुम्ही यावलला," तो म्हणाला. "तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"इतकी घाई, मला घालवायची?"

"घाई कसली... चार दिवस रस्त्याकडेच बघत होतो. म्हणून तर खोटं बोलवेना."

तिने ओढणी सारखी केली. पायरी उतरली, अन् वळली.

"तिथे मी खालाकडे राहणार आहे, अम्मीच्या बहिणीकडे. ईदला मात्र घरी येईन. तुमच्या अम्मींना आमच्याकडचा शीरखुर्मा चालेल?"

"विचारून सांगतो—"

"विचारू नका," ती म्हणाली. "त्यांना घेऊनच या."