साठपैकी साठ बऱ्या

"माझ्या मुलीला बरी कुणी ठरवली, तेवढं शोधून द्या," दत्ताजीराव शिर्के खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले.

गुप्तहेराकडे लोक चोर शोधायला येतात, पळालेला नवरा शोधायला येतात. असलं गाऱ्हाणं घेऊन आलेले हे पहिलेच. बडोद्याच्या अलकापुरी भागातल्या आपल्या छोट्या ऑफिसात देवश्री चिटणीस यांनी वही उघडली. त्यांचे मदतनीस बळवंतराव, निवृत्त जमादार, चहा सांगून आले.

दत्ताजीरावांची शलाका एकोणतीस वर्षांची. शाळेत गणित शिकवायची. दुसऱ्या लाटेत कोविड झाला, कोविड गेला, थकवा मात्र ठाण मांडून बसला. तीन वर्षं झाली, जिना चढली की दोन दिवस आडवी. शाळेनं आधी रजा दिली, मग बिनपगारी रजा दिली, आणि आता सोमवारी तिला काढणार होती. आधार काय, तर ती जिथे दाखल होती त्या रुग्णालयाचा शोधनिबंध. बडोद्यातल्या चाळिशीच्या आतल्या साठ स्त्रिया, सहा महिन्यांनी साठही पूर्ण बऱ्या. त्यासाठी भरलेल्या शलाकाच्या फॉर्मवर वीस प्रश्नांपुढे वीस वेळा 'त्रास नाही' लिहिलेलं.

"शाळा म्हणते, पोर ढोंग करते." दत्ताजीराव म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "जय श्रीकृष्ण! मजामां, एकदम मजामां. हो हो, घरी सगळे ठणठणीत. या ना रविवारी, बोलणी करू." फोन ठेवून ते म्हणाले, "पाहुणे आहेत."

"माणूस मोठा सोशिक," ते गेल्यावर बळवंतराव म्हणाले. देवश्रीबाई वहीत काहीतरी टिपत होत्या.

रुग्णालयात डॉक्टर सलील यांनी छापील निबंध पुढे सरकवला. "आपल्या भागातलं हे पहिलं काम. चौघा संशोधकांनी आपल्या निबंधात दाखला दिलाय त्याचा."

"या साठांपैकी किती जणींना तुम्ही भेटलात?"

"पाठपुरावा फोनवर होता. आमच्या संशोधन सहायक भक्तीनं केला."

"हाच लबाड," बाहेर येताच बळवंतराव कुजबुजले. "घरी बसून फॉर्म भरले असणार."

भक्ती तेवीस वर्षांची. बिचारी घाबरून गेली होती. "एकही फॉर्म खोटा नाही, बेन. दाखल होताना लिहिलेला नंबर लावायचा आणि वीस प्रश्न विचारायचे. दीड मिनिटात व्हायचं."

"बायका वैतागत नव्हत्या?"

"छे, उलट लाड करायचे लोक. 'बेटा, जेवलीस का?' असं विचारायचे."

वाडी भागातल्या शिर्क्यांच्या घरी शलाका पडून होती. दोन वाक्यं बोलली की डोळे मिटून थांबायची. "मला असा फोन आलाच नाही, ताई. माझा मोबाईल उशाशीच असतो."

"दाखल कुणी केलं होतं तुला?"

"आबांनी. मला कुठली शुद्ध."

शनिवारी सकाळी देवश्रीबाईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. डॉक्टर सलील रुग्णाच्या घरी पहिल्यांदाच आले होते.

"लबाडी कुणीच केली नाही," देवश्रीबाई म्हणाल्या. "वीस प्रश्न, दीड मिनिट. शलाकाला एवढं एका दमात बोलताच येत नाही. म्हणजे बोललं दुसरंच कुणीतरी. भक्ती, तुला 'बेटा' म्हणणारं माणूस चाळिशीच्या आतलं असेल का? एकोणतिशीची मुलगी तेविशीच्या मुलीला बेटा म्हणत नाही. ते बाप होते, सासवा होत्या. दाखल करताना घरच्या कर्त्या माणसानं आपला नंबर लिहिला, पुढे फोन त्यालाच गेला. रुग्ण बोलतोय का, हे विचारायची जागाच फॉर्मवर नव्हती. डॉक्टर, तुमच्या निबंधात कितीतरी घरांची अब्रू मोजली गेलीय, आजार नाही."

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"मग इथं फोन कुणी घेतला?" बळवंतरावांनी विचारलं. त्यांना अजून उलगडलं नव्हतं.

"रुग्णालयातला कागद मी पाहिला. नंबर दत्ताजीरावांचा आहे. लेकीच्या लग्नाची बोलणी चाललेल्या घरात लेक आजारी नसते, बळवंतराव. माझ्यासमोरही ते 'सगळे ठणठणीत' म्हणाले."

दत्ताजीराव भिंतीला टेकले. "तीन वर्षं जो फोन येईल त्याला हेच सांगतोय मी. आपली मराठी मंडळी इथं मूठभर, एकाला कळलं की गावाला कळलं. त्यातला एक फोन रुग्णालयाचा होता, तोही 'नाही, नाही' म्हणत उरकला, हे माझ्या ध्यानातही राहिलं नाही." ते पुढे म्हणाले, "पोरीच्या पोटावर मीच पाय दिला."

"सोमवारच्या आत चूक लेखी कबूल करतो," डॉक्टर सलील हळूच म्हणाले. "साठही जणींना मी स्वतः भेटेन."

"शाळेला मीही खरं लिहून देतो," दत्ताजीराव म्हणाले. "पाहुण्यांनाही कळवतो. मोडलं लग्न तर मोडलं."

शलाकानं डोळे उघडले. "काय लिहिणार, आबा? मला काय होतं, ते तुम्हाला कुठं ठाऊक आहे?"

दत्ताजीरावांनी स्टूल ओढलं आणि लेकीच्या जवळ बसले.

"कसं वाटतं गं तुला?" त्यांनी विचारलं.

शलाका सांगू लागली. दर दोन वाक्यांनी थांबत होती, आणि ते थांबत होते.